कवडीचा चीक

सुकदेवच्या दावणीला आजवर बरीच जनावरं आली आणि गेली, पण कवडी ही भागाबाईची गाय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पारोळ्याच्या भावाने ती दिली तेव्हा नुसतं वासरू होतं. टेम्पोत चढवल्यावर ते घाबरून खाली बसलं आणि मानच टाकली. भागाबाई ड्रायव्हरशेजारची जागा सोडून मागे हौद्यात गेली आणि गावापर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तांबडं अंग, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. नाव वेगळं शोधावं लागलं नाही.

गाव पद्मालयाच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. शेत लहान, घराला लागूनच. थोडी कपाशी, थोडी दादर ज्वारी, बांधावर दोन आंबे आणि एक निंब. एकुलता मुलगा भूपेंद्र सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. घरात नवराबायको दोघंच. बाहेर तीन शेळ्या, भुऱ्या नावाचा कुत्रा आणि कवडी. फाल्गुन लागला की भागाबाईला बरं वाटायचं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालेलं असायचं, डोंगराच्या अंगाला पळस पेटलेला दिसायचा आणि सकाळी अंगण झाडताना निंबाचा बारीक मोहोर झाडूखाली यायचा. त्यात यंदा कवडी पहिलारू गाभण होती. भागाबाई येता-जाता तिच्या पोटावर हात ठेवायची आणि आत वासरू हललं की एकटीच हसायची.

होळीच्या आसपास भुऱ्याचं काहीतरी बिनसलं. त्याआधी माघात एक कोल्हा भरदिवसा दादरीतून बाहेर आला होता आणि भुऱ्या त्याच्याशी झोंबला होता. कोल्हा पळाला. भुऱ्याच्या नाकावर ओरखडा आला, तो भरूनही गेला. घरात कोणाच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं. आता मात्र भाकर टाकली तरी तो जवळ येईना, नुसता कोपऱ्यात तोंड घालून बसे. एका सकाळी गोठ्यात धडपड ऐकू आली म्हणून भागाबाई धावली. भुऱ्या दावणीखालून सटकला आणि शेपूट घालून नाल्याकडे पळाला. कवडी पाय आपटत होती. तिच्या नाकपुडीशेजारी थोडं रक्त होतं.

"गव्हाणले घासाई गयं व्हई," सुकदेव म्हणाला. भागाबाईने बोटाने हळद लावली.

भुऱ्या दुसऱ्या दिवशी नाल्यात मरून पडलेला सापडला. कोणीतरी विष घातलं असेल म्हणून सुकदेव दिवसभर चिडचिड करत राहिला, मग त्याने त्याला बांधाच्या कडेला पुरलं.

पाडव्याच्या सुमारास कवडी व्याली. पहाटेच्या उजेडात पाय दिसले, मग नाक, आणि सुकदेवने हलकेच ओढ दिली तसा गोऱ्हा खाली आला. ओला, तांबडा, कपाळ मात्र कोरं. कवडी पहिलटकरीण असूनही बिचकली नाही. तिने त्याला चाटायला सुरुवात केली ती तो उभा राहीपर्यंत. भागाबाई तिथेच जमिनीवर बसून बघत होती. चहा करायचंही तिला सुचलं नाही.

मग चीक निघाला. पिवळा, घट्ट. भागाबाईने गूळ आणि वेलदोडा घालून तो वाफवला, वड्या पाडल्या आणि वाट्यांत भरून गल्लीत वाटला. पहिल्यांदा व्यायलेल्या गाईचा चीक घरात एकट्याने खायची रीतच नव्हती. ज्याच्या दारात जाई तो विचारी, "गोऱ्हा का वासरी?" आणि ती सांगे, "गोऱ्हा शे, मायवर गयेल शे." वाट्या रिकाम्या परत आल्या नाहीत. कोणी तांदूळ घातले, कोणी साखर.

सगळ्यात मोठी वाटी शेजारच्या बेबाबाईची. बेबाबाई भागाबाईपेक्षा दहाएक वर्षांनी थोरली. भागाबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला चूल कशी धुपत नाही हे बेबाअक्कानेच दाखवलं होतं, आणि भूपेंद्र जन्मला तो तिच्याच हातावर. दोन घरांच्या मधली भिंत कमरेएवढी होती. दळण, विरजण, रडणं, भांडणं, सगळं त्या भिंतीवरून इकडेतिकडे होत असे.

बेबाबाईच्या नातवाला पाचवा महिना लागला होता. सून कामिनीला दूध कमी पडत होतं. कवडीचा चीक संपून साधं दूध सुरू झालं तसं भागाबाईने रोज सकाळी भिंतीवरून तांब्या द्यायला सुरुवात केली. कामिनी ते पाणी घालून, उकळून बाळाला पाजायची. बेबाबाईला मात्र तेवढा धीर नसे. बाळ कडेवर असलं की ती ताज्या कोमट दुधात करंगळी बुडवायची आणि त्याच्या ओठाला लावायची. बाळ मचामचा चोखायचं. "दख, दख, कवडीनं आंडोर!" म्हणत त्याला कवडीचंच लेकरू ठरवून दोघी हसायच्या.

चैत्र उतरणीला लागला. कैऱ्या धरल्या, वाऱ्याने पडायला लागल्या. भागाबाई कवडीला बांधावर चरायला सोडायची आणि गोऱ्हा तिच्याभोवती उड्या मारत फिरायचा. एका दुपारी कवडी चारा तोंडात घेऊन तशीच उभी राहिली. चावेना. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. भागाबाईने बादली पुढे केली तर तिने तोंड पाण्यात खुपसलं, पण पाणी नाकातोंडातून परत आलं.

"तिना गळामा कैरी अटकनी व्हई," सुकदेव म्हणाला. "थांब, मी हात घालीसन दखस."

त्याने बाही वर केली. पऱ्हाट्या उपटून त्याच्या तळहातांना चिरा पडल्या होत्या, त्या अजून भरल्या नव्हत्या. भागाबाईने शिंगं धरली, त्याने कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपला आणि बाहेर काढला. हात लाळेने माखला होता.

"काहीच नही शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडीचा आवाज बदललेला होता. ती हंबरली तेव्हा भागाबाईला वाटलं, दुसऱ्या कोणाचं तरी जनावर आपल्या गोठ्यात आलं. घसा बसलेल्या माणसासारखा तो आवाज होता आणि थांबत नव्हता. गोऱ्हा जवळ गेला तर तिने त्याला शिंगाने उडवला. सुकदेवने त्याला ओढून दूर शेळ्यांकडे बांधलं आणि एरंडोलला जनावरांच्या डॉक्टरला फोन केला.

डॉक्टर योगेंद्र दुपारी मोटारसायकलवर आले. तरुण माणूस, बोलायला मऊ. गोठ्याच्या दारातच ते थांबले. आत गेले नाहीत. बराच वेळ नुसते बघत राहिले.

"नाना, हिला कुत्रं चावलं होतं का मधे?"

सुकदेवने नाही म्हणून मान हलवली. भागाबाईच्या डोळ्यांपुढे दावणीखालून पळणारा भुऱ्या आला, मग नाकपुडीजवळचं रक्त, मग आपलं हळदीचं बोट. तिने भिंतीला हात लावला.

"आमना भुऱ्या," ती म्हणाली. "होळीले मरना तो."

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. कोल्ह्याचं, कुत्र्याचं, हात कोणी घातला त्याचं. सुकदेवचे तळवे त्यांनी उलटे करून बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही आजच्या आज जळगावला जा, सिव्हिलला. उद्यावर ढकलू नका. जखमेत औषध द्यावं लागेल. मावशी, तुम्हीसुद्धा. या गाईला पिसाळ लागलाय."

"तिले सुई नही का?" भागाबाईने विचारलं.

"चावलं तेव्हा दिली असती तर उपयोग होता. आता नाही." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "तीन-चार दिवस. तोवर जवळ कोणी जायचं नाही. चारा, पाणी, काही नाही."

सुकदेवने हात जोडले. "मंग तिले सोडाई द्या साहेब. मरानी सुई दिसन सोडाई द्या."

"मला वर विचारावं लागेल, नाना. विचारतो. पण उत्तर येईपर्यंत ती राहील असं मला वाटत नाही."

मग त्यांनी विचारलं, दूध कोणाकोणाला दिलं?

भागाबाई सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. सगळी गल्लीच होती. डॉक्टर म्हणाले, उकळलेल्या दुधाने काही होत नाही, चीक वाफवलेला होता, त्यालाही भीती नाही. कच्चं कोणी घेतलं का? भागाबाईने भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे बेबाबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कडेवरच्या बाळाला तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि तिची करंगळी मुठीत लपलेली होती.

"मी चाटाडं," ती म्हणाली. "रोज."

संध्याकाळी मारुतीच्या देवळावरचा भोंगा वाजला. "सुकदेव लोटन पाटील यांच्या गाईला पिसाळ लागला असून ज्यांनी ज्यांनी त्यांच्या गाईचं दूध अथवा चीक खाल्ला असेल, त्यांनी दवाखान्यात जाऊन दाखवून घ्यावं." तीनदा सांगितलं. आजवर सुकदेवचं नाव भोंग्यावरून एकदाच आलं होतं, देवळाच्या पायरीला त्याने फरशी दिली तेव्हा. भागाबाई चुलीपुढे बसली होती. प्रत्येक वेळी नाव आलं की ती डोळे मिटायची. सुकदेव घरात नव्हता. डॉक्टरांच्याच मोटारसायकलवर मागे बसून तो जळगावला गेला होता. तिला त्याने बरोबर यायला सांगितलं, पण ती म्हणाली, उद्या जाईन. कवडीला एकटं टाकून तिला निघवेना.

सकाळच्या बसला अर्धी गल्ली होती. चीक खाल्लेले, दूध प्यालेले, आणि काहीच न घेतलेले पण भ्यालेले. भागाबाई चढली तेव्हा बोलणं थांबलं. ती खिडकीजवळ बसली. शेजारची जागा मोकळी होती आणि माणसं दांड्याला धरून उभी होती. पुढच्या बाकावर कामिनी बाळाला घेऊन बसली होती, तिच्या पलीकडे बेबाबाई. बेबाबाईची पाठ भागाबाई ओळखत होती तितकी स्वतःच्या बहिणीचीही ओळखत नव्हती. ती पाठ जळगाव येईपर्यंत वळली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने बहुतेकांना समजावून परत पाठवलं. तरी दोघांनी भांडून सुई घेतली. बाळाला मात्र द्यावीच लागली. त्याच्या मांडीत सुई गेली तेव्हा ते आधी गप्प झालं, श्वास अडकल्यासारखं, आणि मग जे किंचाळलं त्याने रांगेतल्या बायका रडायला लागल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "कसाले वाटं इतलं दूध?" भागाबाईने आपला दंड पुढे केला. सुई टोचल्याचं तिला कळलंही नाही.

घरी आल्यावर बस्कर टाकून ती अंगणात बसली, गोठ्यापासून दहा-बारा हातांवर. सुकदेवने गोठ्याच्या दाराला आडवा बांबू लावला होता. त्याच्या हातांना पट्ट्या होत्या. आत कवडी दोरीला हिसके देत होती, खुंट्याला डोकं घासत होती. कपाळावरचा पांढरा ठिपका रक्ताने दिसेनासा झाला होता. मधेच ती शांत होई आणि सरळ भागाबाईकडे बघे. अगदी पूर्वीसारखं. तेव्हा भागाबाईला बसवेना.

"तिले पानी तरी पाजू द्या. दखा ना, कशी दखी रायनी."

"ती पेस नही वं. तूच दखं ना काल."

"मंग तोंड तरी ओलं करू. काठीले फडकं बांधीसन."

"मांगे सरक, भागा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने तिला नावाने हाक मारलेली तिने क्वचितच ऐकली होती. ती मागे सरकली.

गोऱ्हा पलीकडे ओरडत होता. त्याला भूक लागली होती आणि त्याची आई त्याला दिसत होती. तो ओरडला की कवडीचे कान हलायचे. बाकी काही तिचं तिच्या ताब्यात उरलं नव्हतं, पण कान हलायचे. सडातून दूध आपोआप ठिबकत होतं आणि खालची माती पांढरी झाली होती.

तिसऱ्या दिवशी तिचे मागचे पाय गेले. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. वरून उत्तर आलं नव्हतं.

ढोर उचलायला कोणी आलं नाही. ज्याला बोलवायचं त्याने दारातूनच हात जोडले. शेवटी पाझर तलावाच्या कामावरचा जेसीबी डॉक्टरांनी सांगून आणवला. ड्रायव्हरने काच लावून घेतली आणि बांधाजवळ खोल खड्डा काढला. साखळी बांधायला सुकदेव एकटाच, हातात मोजे, तोंडाला फडकं. एरवी जनावर गेलं की गल्लीतल्या बायका येऊन बसत, गाईच्या अंगावर हळदकुंकू टाकत. आज दारं लोटलेली होती. भागाबाई कुंकवाचा करंडा घेऊन घरातून निघाली, पण सुकदेवने मान हलवली तशी ती उंबऱ्यातच थांबली. वरून चुना आणि मीठ पडलं, मग माती.

उरला गोऱ्हा. डॉक्टरांनी त्याला आणि शेळ्यांनाही सुया सुरू केल्या. दुधातून सहसा लागत नाही, ते म्हणाले, पण महिना-दोन महिने नजर ठेवा, मोजे घालूनच हात लावा. त्याला घेणारं कोणी नव्हतं. शेळ्यांचं दूध तर कोणी फुकटही नेईना; सुकदेव ते उकिरड्यावर ओतायचा. गोऱ्ह्यासाठी तो एरंडोलहून पिशवीतलं दूध आणायला लागला. भागाबाई ते कोमट करून बाटलीने पाजायची, हातात निळे रबरी मोजे घालून, हात लांब करून. आयुष्यभर जनावराच्या पोटाला कपाळ टेकून धार काढणारी बाई आता त्याच्या जिभेला भीत होती. तो बाटली संपली की तिच्या हाताला तोंड घासायला यायचा आणि ती झटकन मागे व्हायची. तो थांबायचा, पुन्हा यायचा. ती पुन्हा मागे.

रात्री भूपेंद्रचा फोन आला. "माय, तुम्ही दोन्ही आठे या. तठे काय ठेवेल शे आते?"

"दखसूत," ती म्हणाली.

पिशवीचं दूध गोऱ्ह्याला मानवलं नाही. वैशाख लागता लागता त्याला हगवण लागली. डॉक्टरांनी औषध दिलं, सलाईन लावलं. दोन दिवस बरा वाटला, मग पुन्हा पाय लटपटायला लागले. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. गल्लीत सासुरवाशिणी पोरी माहेरी यायला लागल्या होत्या, बेबाबाईच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता आणि गौराईची गाणी ऐकू येत होती. इकडे गोऱ्हा मान टाकून पडला होता, जशी कधी टेम्पोत त्याच्या आईने टाकली होती.

"हाऊ बी पिसाळना का?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"नाही मावशी. खरंच नाही. ही साधी हगवण आहे. आईचं दूध मिळालं असतं तर..."

डॉक्टर गेल्यावर भागाबाई गोऱ्ह्याशेजारी बसली. थोड्या वेळाने तिने मोजे काढले. सुकदेव शेळ्यांकडे होता, त्याने पाहिलं. तिने गोऱ्ह्याच्या कोऱ्या कपाळावर हात ठेवला. मानेवरून, पाठीवरून फिरवला. कवडी पिसाळली तेव्हापासून त्याला कोणाचा उघडा हात लागला नव्हता. त्याने तिची बोटं तोंडात घेतली आणि चोखायला लागला. त्यातून काहीच येत नव्हतं, तरी तो चोखत राहिला. मग चोखणं हळू झालं. मग थांबलं. बोटं त्याच्या तोंडात तशीच होती, गरम.

गल्लीत बातमी गेली ती वेगळीच. गोऱ्हाही पिसाळून मेला. दोन घरांतली माणसं पुन्हा सुया घ्यायला गेली. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, सुकदेवने पारावर जाऊन सांगून पाहिलं. माणसं ऐकून घ्यायची आणि बसायची ती जागा थोडी लांब सरकवायची.

अखाजीच्या दुसऱ्या दिवशी बेबाबाई आली. भिंतीवरून नाही, रस्त्याने फिरून. अंगणाच्या बाहेरच उभी राहिली.

"पोरगाले चौथी सुई बी झायी, एकच बाकी शे," ती म्हणाली. "खेळी रायना आते. चांगला शे."

"चांगलं झायं, अक्का," भागाबाई उठली. "घरमा ये ना. बस जराशी."

बेबाबाईने पाऊल उचललं. उंबऱ्याआधीच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. तिची नजर गोठ्याकडे गेली, मग भागाबाईच्या हातांकडे. भागाबाईने हात पदराखाली घेतले.

"माले माहीत शे, तुनी चूक नही," बेबाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कामिनी मन्हासंगे बोलत नही. मीच बोट चाटाडं ना. तुले तोंड दखाडाले उनू, पन... मन व्हत नही, भागा. पाय पुढे येत नही."

"ऱ्हाऊ दे, अक्का."

बेबाबाई पदराने तोंड पुसत वळली आणि आली तशी रस्त्याने गेली.

संध्याकाळी सुकदेव म्हणाला, "शनवारले शेळ्या दूरना बाजारमा लई जास. चाळीसगावकडे. तठे आपले कोनी वळखत नही."

"नको," भागाबाई म्हणाली.

"काबरं? आठे तं कोनी दूध बी लेत नही. कसाले ठेवानं?"

"डॉक्टरनी नजर ठेवाले सांगेल शे. उद्या काही निंघनं तं? लेनारासना घरमा बी लेकरू व्हई."

सुकदेवने तिच्याकडे पाहिलं. मग तो पट्ट्या निघालेल्या, सालपटं गेलेल्या आपल्या हातांकडे बघत बसला.

भागाबाईने खुंटीवरचे निळे मोजे काढले, हातात चढवले आणि उकिरड्यावर ओतायचं दूध काढायला शेळ्यांकडे गेली.